पडीक प्लॉट, गायरान आणि मोट बांधण्याचं काम

परभणीत वसमत रोड किंवा जिंतूर रोडच्या बाजूला वाढलेल्या कॉलन्यांमधून एकदा चक्कर मारा. चार-पाच गल्ल्या ओलांडल्या की एखादी मोकळी जागा दिसतेच. गाजरगवत, वेड्या बाभळी, कुणीतरी आणून टाकलेला राडारोडा, पावसाळ्यात डबकं. शेजारच्या घरात मात्र मेथीची जुडी महागली म्हणून कुरकुर चालू असते. "मग इथं भाजी का लावत नाही?" असं विचारा. उत्तर ठरलेलं असतं: "जागा आपली नाही ना!"

आजचा पाठ या उत्तराबद्दल आहे. शहरातल्या शेतीवर लिहिणारे बहुतेक जण वाफे कसे करायचे, पालापाचोळा कसा कुजवायचा इथून सुरुवात करतात. ते शिकण्यासारखंच आहे. पण जागेचा प्रश्न सुटल्याशिवाय ते ज्ञान वहीतच राहतं. आणि जागेचा प्रश्न एकट्यानं सुटत नाही, त्यासाठी माणसांची मोट बांधावी लागते. (ही मोट विहिरीवरची नव्हे, गाठोडं या अर्थाची. वेगवेगळ्या आकाराच्या वस्तू एकाच कापडात बांधायच्या असतात, म्हणून गाठ नीट मारावी लागते.)

आधी एक गैरसमज दूर करू. शहरातली शेती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गच्चीवरच्या कुंड्या येतात. गच्चीवरची शेती चांगलीच आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळझाडं आणि भाज्या वाढवल्या. श्री. अ. दाभोलकर यांच्या 'प्रयोग परिवारा'चा विचार त्यामागे होता. प्रत्येकानं आपल्या तुकड्यावर प्रयोग करायचा, निष्कर्ष इतरांना सांगायचे, कुणी कुणाचा साहेब नाही, अशी ती पद्धत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या गच्चीचा मालक एकच होता आणि काम करणारे त्याच संस्थेचे होते. परवानगीचा प्रश्न एका टेबलावर सुटला. ज्याच्याकडे गच्चीच नाही, जो पत्र्याच्या खोलीत राहतो, त्याचं काय?

हाच माणूस आपल्या पाठात महत्त्वाचा आहे. परभणीच्या वस्त्यांमध्ये राहणारी कितीतरी कुटुंबं खेड्यातून आलेली आहेत. कुणी ऊसतोडीला जाणारी, कुणी रोजंदारीवर खुरपणीला गेलेली. त्यांना शेती शिकवावी लागत नाही. अंबाडी कधी टाकायची, चुका कधी काढायचा, वांग्यावर कीड पडली तर काय करायचं हे त्या बायकांना तोंडपाठ असतं. त्यांच्याकडे नाही ती फक्त जमीन. गावात नव्हती, शहरातही नाही. म्हणून शहरातल्या पडीक जागेचा विचार करताना आपल्याच मराठवाड्यातल्या गायरानाच्या लढ्याकडे बघायला हवं. भूमिहीन माणूस जमिनीपर्यंत कसा पोचतो, कुठं अडतो, हे तिथं स्पष्ट दिसतं.

गायरानानं काय शिकवलं

गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरायला राखून ठेवलेली सरकारी जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी अशी जमीन राखून ठेवू शकतात. मराठवाड्यातल्या अनेक गावांत भूमिहीन दलित कुटुंबांनी या जमिनीतले मुरमाड, दगडधोंड्यांचे तुकडे फोडून ज्वारी, तूर घ्यायला सुरुवात केली. यामागे चळवळीचा मोठा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १९६४ चा सत्याग्रह ६ डिसेंबरला, म्हणजे बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी सुरू झाला आणि देशभरात लाखो माणसं तुरुंगात गेली. पुढे एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानानं बीड जिल्ह्यातून सुरुवात करून गायरानाचा प्रश्न मराठवाड्यात लावून धरला.

आता या लढ्यातली एक गंमत सांगतो. गंमत म्हणायची, पण कष्ट करणाऱ्याला ती फार महागात पडलेली आहे. गायरानावर पीक घेणारा माणूस सरकारच्या दृष्टीनं अतिक्रमणदार. तलाठी त्याचं नाव अतिक्रमणाच्या नोंदवहीत लिहिणार, त्याला दंड करणार. ही नोंदवही म्हणजे गाव नमुना १-ई. पण जेव्हा सरकारनंच ठरवलं की जुनी अतिक्रमणं नियमित करायची, तेव्हा पुरावा काय मागितला? तीच नोंद आणि त्याच दंडाच्या पावत्या! २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंत केलेली मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचा मार्ग दिला. ज्यांनी दंडाची पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती, त्यांच्या हातात काहीतरी होतं. ज्यांनी वीस वर्षं घाम गाळला पण नोंदच झाली नाही, त्यांचा घाम कागदावर दिसत नव्हता.

पुढं वारं फिरलं. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. १२ जुलै २०११ ला महाराष्ट्र शासनानंही गायरानाबाबत कडक निर्णय काढला. पण त्याच निकालात न्यायालयानं असंही म्हटलं की अपवादात्मक बाबतीत, उदाहरणार्थ शासनाच्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेला भाडेपट्टा असेल, तर नियमितीकरण होऊ शकतं. म्हणजे पुन्हा तेच. कसणारा कोण यापेक्षा त्याच्या हातात कोणता कागद आहे यावर सगळं ठरतं.

दुसरी गोष्ट अवघड आहे. गायरान कसायला गेलं की गावातून आवाज यायचा, "मग आमची गुरं कुठं चारायची?" या प्रश्नात दोन प्रश्न लपलेले असत. काही वेळा तो खरोखर गुराख्याचा प्रश्न असे, दोन शेळ्यांवर जगणाऱ्या म्हातारीचा प्रश्न असे. आणि काही वेळा दलितांनी जमीन धरलेली बघवत नाही, हे थेट म्हणता येत नाही म्हणून गुरांना पुढं केलेलं असे. पिकात जनावरं सोडणं, बहिष्कार टाकणं असे प्रकार झाले ते या दुसऱ्या कारणानं. माझं मत विचाराल तर मोट बांधणाऱ्यानं हे दोन प्रश्न वेगळे करायला शिकणं हे अर्धं काम आहे. शेळीवाल्या म्हातारीशी बोलून मार्ग काढायचा. द्वेषाशी मात्र तडजोड करायची नाही.

आता शहरातला प्लॉट

समजा, तुमच्या कॉलनीत दहा गुंठ्यांची मोकळी जागा आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, दहा गुंठे म्हणजे पाव एकर. दिसायला ती पडीक आहे. पण खरंच कुणी वापरत नाही का? चार दिवस सकाळ-संध्याकाळ जाऊन नुसतं बघा. मुलं क्रिकेट खेळतात. कुणाच्या शेळ्या येतात. जयंतीचा, गणपतीचा मंडप तिथंच पडतो. उन्हाळ्यात लग्नाचा मांडव असतो. कोपऱ्यात एखादं कुटुंब पाल ठोकून राहिलेलं असतं. ही सगळी माणसं त्या जागेची 'वापरकर्ती' आहेत आणि गायरानाचा धडा सांगतो की त्यांना वगळून केलेली मोट पहिल्याच हंगामात सुटते. कुंपण तुटतं, रोपं उपटली जातात, आणि मग "लोकांना चांगलं काही नकोच" असं म्हणत आपण घरी येतो.

पालातल्या कुटुंबाबद्दल मुद्दाम लिहितो. 'हरित परिसर', 'बगीचा' या गोड शब्दांआडून गरिबाला हुसकावण्याचं काम सोपं होतं. नागरिकांचा अर्ज जातो, जेसीबी येतो, पाल उठतं, मग चार महिन्यांत बगीचाही वाळतो. ज्या मोटेचं पहिलं काम कुणाला तरी उठवणं असेल तिच्यात तुम्ही जाऊ नका. उलट त्या कुटुंबाला सोबत घ्या. रात्री राखण कोण करणार, हा प्रश्न तिथंच सुटतो.

मग मोटेत कोण कोण हवं? कष्ट करणाऱ्या बायका हव्यात, आणि त्या नावापुरत्या नव्हे तर निर्णय घेणाऱ्या हव्यात. शहरांमध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली महिलांचे बचत गट, त्यांचे वस्तीस्तर संघ आणि शहरस्तर संघ उभे राहिले. अशा संघाचं बँकेत खातं असतं, ठराव लिहायची सवय असते, शिक्का असतो. सरकारी कचेरीत शिक्क्याला किती किंमत असते हे तुमच्या पालकांना विचारा. शेजारचे घरमालक हवेत, कारण तक्रार तेच करतात. शाळा हवी. भाजीवाल्या मावशीही हव्यात. त्यांना आपण प्रतिस्पर्धी समजतो, पण काय खपतं आणि काय कुजतं ते त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नसतं.

परभणीकरांचं एक भाग्य आहे. १९७२ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आपल्या गावातच आहे. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावानं ओळखलं जातं. देशभरात लावलेलं 'परभणी क्रांती' हे भेंडीचं वाण इथलंच. भेंडीची पानं पिवळी पडून वेल्यासारख्या शिरा दिसू लागतात, त्या हळद्या रोगाला ते दाद देत नाही म्हणून गाजलं. इतक्या मोठ्या संस्थेच्या भिंतीबाहेर वस्तीतल्या बाईला माती तपासायची असली तर कुठल्या दारातून आत जायचं हे कळत नाही. मोटेत कृषीचा एखादा प्राध्यापक किंवा चार विद्यार्थी असले की ते दार उघडतं. सामुदायिक विज्ञान महाविद्यालयही त्याच आवारात आहे, आहाराचा हिशोब तिथल्या मुली चांगला समजावून सांगतील.

आणि हो, जागेची मागणी नेहमी सरकारकडेच करावी लागते असं नाही. लातूर-धाराशिव भागात, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर काम उभं केलेल्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेसोबत बायकांनी आपल्याच घरात मागणी केली. कुटुंबाच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मला द्या, त्यात काय पेरायचं ते मी ठरवीन. सोयाबीनच्या पट्ट्यात त्यांनी त्या तुकड्यावर भाज्या, डाळी, ज्वारी अशी घरात खायची पिकं घेतली. या कामाला २०१६ चा संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जमीन घरचीच, तरी मागावी लागली. हे वाक्य मुलांनी नीट वाचावं, मुलग्यांनी दोनदा वाचावं.

कागद आधी, कुदळ नंतर

उत्साहाच्या भरात लोक पहिल्या रविवारी कुदळ घेऊन जातात. थांबा. आधी जागा कुणाची ते काढा. शहर हद्दीतल्या जागेचं मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयात मिळतं, हद्दीबाहेर किंवा नव्यानं वाढलेल्या भागात सातबारा असतो आणि तो 'महाभूलेख'वर बघता येतो. महापालिकेच्या नगररचना विभागात लेआऊटचा मंजूर नकाशा आणि विकास आराखडा असतो. कुणी दाखवायला टाळाटाळ केली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत.

उत्तर तीन-चार तऱ्हांचं येऊ शकतं. एक, ती लेआऊटमधली खुली जागा असेल. मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती मुलांच्या खेळण्यासाठी आणि मोकळ्या हवेसाठी. तिथं आपण सगळं मैदान नांगरून टाकू, असं म्हणणं चूकच. मैदान तसंच ठेवून कडेनं वाफे मागा. परवानगी मिळण्याची शक्यता वाढते आणि क्रिकेटवाली पोरंही आपली होतात. दोन, विकास आराखड्यात बगीचा म्हणून आरक्षण असेल पण जमीन अजून खासगी मालकाचीच असेल. दहा वर्षांत ती संपादित झाली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण उडतं. अशा जागेवर बहुवर्षायू झाडं लावण्यापूर्वी दहादा विचार करा. तीन, महापालिकेची शाळा, अंगणवाडी, दवाखाना यांचं आवार. माझ्या मते सुरुवातीला हीच जागा सगळ्यांत बरी. कुंपण असतं, पाणी असतं आणि मालकाबद्दल वाद नसतो.

चौथा प्रकार खासगी प्लॉटचा. मालक पुण्याला किंवा संभाजीनगरला असतो, प्लॉट गुंतवणूक म्हणून घेतलेला. तो जागा का देत नाही? कारण मनात भीती: "कूळ लागेल." या भीतीला मराठवाड्यात इतिहास आहे, आपल्याकडे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० आहे आणि कुळांना त्यानं खरोखरच हक्क दिले. बिनशेती झालेल्या शहरी प्लॉटची गोष्ट वेगळी आहे, पण भीती कलमं वाचून येत नसते. केरळातही हीच अडचण होती. तिथं कुळकायद्यामुळे मालक जमीन पडीक ठेवत, पण खंडानं देत नसत. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'कुटुंबश्री'च्या बायकांनी चार ते दहा जणींचे गट केले, मध्ये पंचायतीला घातलं आणि पडीक रानं कसायला घेतली. मालकाचा विश्वास त्या बाईवर आधी बसला नव्हता, मधल्या संस्थेवर बसला. आपल्याकडे वस्तीस्तर संघ किंवा शाळा ही जागा घेऊ शकते. करार मुदतीचा, लेखी, आणि त्यात जागेवर कसलाही मालकी हक्क सांगणार नाही हे स्वच्छ लिहिलेलं. त्याबरोबर आपल्या बाजूचंही एक कलम घाला: उभं पीक असताना जागा रिकामी करून मागायची नाही, पीक निघेपर्यंत थांबायचं. एवढं कलम नसेल तर कष्ट पाण्यात.

कायदा लोकांच्या बाजूनं कसा उभा राहू शकतो याचं एक जुनं उदाहरण विलायतेतलं आहे. १९०८ च्या तिथल्या कायद्यानुसार गावातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी मिळून लेखी मागणी केली, तर भाजीपाल्यासाठी जागेच्या तुकड्यांची गरज आहे का, याचा विचार स्थानिक संस्थेला करावाच लागतो, आणि गरज दिसली तर तुकडे उपलब्ध करून देणं हे तिचं कर्तव्य ठरतं. फक्त सहा माणसं! आपल्याकडे असा कायदा नाही. म्हणून सहा सह्यांवर आपलं भागत नाही, साठ लागतात, आणि त्या साठ जणांत नगरसेवकाला ओळखणारे दोन-तीन असावे लागतात. थोड्या मुदतीची परवानगी आयुक्तांकडून मिळू शकते, लांब मुदतीला सभागृहाची मंजुरी लागते. अर्जाची पोच घ्या. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख आहे ना बघा. दंडाची पावती जपणारी माणसं आठवा.

पाणी, माती आणि वाटणी

परभणीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं. अशा गावात पिण्याच्या पाण्यावर भाजी करतो म्हटलं की शेजारी विरोधात जाणार, आणि ते बरोबरच आहे. म्हणून पहिली लागवड मृगानंतर करा, उन्हाळ्यात जागेचा थोडाच भाग हिरवा ठेवा. हातपंपाच्या ओट्यावरून वाहून जाणारं पाणी वळवता येतं. जारचं पाणी भरणाऱ्या प्लांटमधून जे पाणी फेकलं जातं त्यात क्षार जास्त असतात, ते साध्या पाण्यात मिसळूनच आणि जपून वापरा. नाल्याचं पाणी पालेभाजीला अजिबात नको. मेथी, कोथिंबीर आपण कच्चीही खातो.

माती आपली काळी, पण प्लॉटवरची माती बहुधा राडारोड्यानं मेलेली असते. जागेत पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन, त्याच्या बाजूची माती खरवडून, एकत्र करून अर्धा किलो नमुना तपासायला द्या. जुन्या कचराकुंडीची जागा असेल तर जमिनीत न लावता गोणीत किंवा विटांच्या वाफ्यात बाहेरची माती घालून लावा.

भांडणं कशावरून होतात? माल निघाल्यावर. वाफे फुलले की आजवर न फिरकलेले लोक पिशवी घेऊन येतात. म्हणून पेरणीच्या आधी वाटणीचा नियम लिहून काढा. आधी अपेक्षाही जमिनीवर आणू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे माणशी दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाजी लागते. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो, वर्षाला ७३० किलो. दहा गुंठ्यांतल्या कडेच्या वाफ्यांवर वीस घरांची ही गरज भागणार नाही. पण आठवड्यातून दोनदा ताजी पालेभाजी मिळेल, आणि ज्या तीन-चार बायका रोज राबतात त्यांना विकून थोडे पैसे मिळतील. राबणाऱ्याला मोठा वाटा, शेजाऱ्याला रास्त भावात पहिली खरेदी, अंगणवाडीला ठरलेली जुडी, असा काहीतरी नियम. गावाकडे सावडीनं कामं होत, इर्जिकीला अख्खं गाव औतं घेऊन येई, तेव्हाही कुणी कुणाकडे किती दिवस राबलं याचा तोंडी हिशोब पक्का असे. तो हिशोब इथं वहीत ठेवायचा, एवढाच फरक.

स्वाध्याय

१. तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत असलेली एक मोकळी जागा निवडा. चार दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन तिचा वापर कोण कशासाठी करतं त्याची नोंद करा. नोंदीत जनावरंही धरा.

२. त्या जागेचा मालक कागदोपत्री कोण आहे हे शोधा. ज्या कचेरीत गेलात तिथं काय विचारलं, काय उत्तर मिळालं, किती फेऱ्या झाल्या हे तारखेसह लिहा.

३. तुमच्या आजी-आजोबांना किंवा शेजारच्या वृद्धांना विचारा: त्यांच्या गावात गायरान किती होतं, ते कोण कसत होतं आणि आज तिथं काय आहे? उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवून वर्गात वाचून दाखवा.